काचपेटीतील शेवाळाचा बंदोबस्त

कोल्हापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर शिरोली लागते. गावाच्या नावातच हा पूल आहे. महामार्गाच्या कडेने औद्योगिक वसाहतीतील ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने उभे आहेत आणि त्यांच्या पलीकडे उसाची शेते आहेत. एक भाऊ ऊस पाहतो व दुसरा कारखान्यात पाळीवर जातो, अशी कुटुंबे या भागात पुष्कळ आढळतात. मुलांच्या हौसेखातर अशा घरांच्या सोप्यात किंवा पुढच्या खोलीत माशांची एखादी लहान काचपेटी येते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी ही पेटी असते व तिच्यात गप्पी, मोली किंवा गोल्डफिश जातीचे मासे सोडलेले असतात.

पहिले काही दिवस पाणी नितळ राहते. पुढे काचेवर तपकिरी थर दिसू लागतो, मग हिरवा थर धरतो, आणि महिना-दीड महिन्यात एके दिवशी पलीकडचा मासाही दिसू नये इतके पाणी हिरवे होते. मग घरातील माणसे उपाय शोधू लागतात. कोणी सर्व पाणी ओतून देऊन वाळूसकट पेटी घासून धुतो. कोणी फवारणीसाठी आणलेल्या मोरचुदाची चिमूट पाण्यात टाकतो. दोन-चार दिवसांत पाणी स्वच्छ होते, पण मासे मेलेले असतात.

या प्रकारात मासे बहुधा शेवाळाने मरत नाहीत; शेवाळावर केलेल्या उपायाने मरतात. म्हणून शेवाळ का येते हे आधी समजून घ्यावे आणि उपाय त्यानंतर योजावा. ज्याने उसाला खत दिले आहे त्याला हे समजण्यास कठीण नाही.

शेवाळ हे एक पीकच होय

शेवाळ ही अत्यंत साध्या रचनेची वनस्पती होय. तिला खरे मूळ, खोड किंवा पान नसते, तरी तिच्या गरजा पिकासारख्याच असतात. पाणी, सूर्यप्रकाश अथवा दिव्याचा उजेड, कर्बवायू, नत्र व स्फुरद मिळाले की ती वाढते. तिचे बीजाणू हवेतून, पाण्यातून, झाडांच्या पानांवरून व माशांबरोबर पेटीत येतात. त्यांना अडविण्याचा उपाय नाही व त्याची गरजही नाही. रानात तणाचे बी सर्वत्र पडलेले असते, पण जेथे खत, ओल व मोकळी जागा मिळते तेथेच तण माजते. काचपेटीतही तसेच घडते. ज्या पेटीत शेवाळ माजले आहे त्या पेटीत खत व उजेड यांपैकी एक तरी गोष्ट गरजेपेक्षा अधिक झाली आहे, असे निश्चित समजावे.

काचेवर किंवा दगडावर थोडे शेवाळ असणे हा दोष नव्हे. मोली, गप्पी व गोगलगाई ते खातात आणि दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडते. शेवाळ समूळ नाहीसे करण्याच्या मागे न लागता ते मर्यादेत ठेवणे हेच उद्दिष्ट असावे.

पाण्यात खत कोठून येते

वर सांगितलेल्या मापाच्या पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते. या पाण्यात युरिया कोणी घालीत नाही, तरी नत्र रोज पडत असते, आणि ते माशांच्या खाद्यातून पडते.

माशांच्या सुक्या खाद्यात साधारणतः ३५ ते ४० टक्के प्रथिने असतात व प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा असतो. पेटीत रोज १ ग्रॅम खाद्य पडले तर महिन्याला ३० ग्रॅम खाद्यातून जवळजवळ १.९ ग्रॅम नत्र येते. इतके नत्र सुमारे ४ ग्रॅम युरियात असते. माशांच्या अंगी त्यातील थोडाच भाग लागतो. उरलेले नत्र विष्ठेच्या, मूत्राच्या व कुजलेल्या खाद्याच्या रूपाने पाण्यात उतरते. स्फुरदही त्याच वाटेने येते.

दहा गप्पी माशांना वास्तविक रोज एक ग्रॅमच्या अष्टमांशाइतके खाद्यही पुरते. असे असता एक ग्रॅम का पडते, याचे कारण घराच्या दिनक्रमात सापडते. पहिल्या पाळीला जाणारा बाप पहाटे चिमूटभर खाद्य टाकून जातो. शाळेला निघताना मूल टाकते. दुपारी घरची बाई मासे वर आलेले पाहून पुन्हा टाकते, आणि रात्री पाहुण्यांना गंमत दाखविण्यासाठी आणखी एकदा टाकले जाते. मासा माणूस दिसताच वर येतो, पण तो भुकेलाच असतो असे नाही. यास्तव खाद्य घालण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावे. दोन ते तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य दिवसातून एकदा, फार तर दोनदा विभागून द्यावे. आठवड्यातून एक दिवस मोठ्या माशांना खाद्य देऊ नये. त्याने त्यांना अपाय होत नाही.

भरलेल्या पाण्यातूनही खत येऊ शकते. उसाच्या पट्ट्यात पिकाला दिलेल्या नत्राचा काही भाग झिरपून भूजलात उतरतो व विंधन विहिरीच्या पाण्यात नायट्रेटच्या रूपाने आढळतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. शेवाळाला याहून पुष्कळ कमी प्रमाणही पुरते. पाणी पिण्यास योग्य असले म्हणजे त्यात शेवाळ वाढणार नाही असे नव्हे. खाद्य व उजेड कमी करूनही शेवाळ हटत नसेल तर पाणी तपासून घ्यावे व शक्य असल्यास दुसऱ्या ठिकाणचे पाणी वापरून पाहावे.

रंकाळ्याचा धडा

काचपेटीत घडते तेच तलावात घडते. कोल्हापूरच्या रंकाळ्यात शहराचे सांडपाणी मिसळू लागल्यावर त्याचे पाणी वेळोवेळी हिरवेगार झाले व त्याला दुर्गंधी सुटली, हे या भागातील लोकांनी पाहिले आहे. केंद्र शासनाने २००१ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा आणि वडगाव येथील महालक्ष्मी तलावाचा समावेश झाला होता. तलावावरील हिरवा थर काढून काम भागत नाही. सांडपाण्याची वाट अडवावी लागते.

याचा नामांकित प्रयोग कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९७३ साली झाला. डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या एका लहान सरोवराचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कर्ब व नत्र घातले. दुसऱ्या भागात कर्ब व नत्र यांबरोबर स्फुरदही घातले. स्फुरद घातलेला भाग शेवाळाने हिरवा झाला आणि पडद्यापलीकडील भाग नितळ राहिला. दोन्ही भागांत पाणी तेच होते व ऊनही तेच होते. फरक केवळ एका अन्नद्रव्याचा होता. काचपेटीचा मालक खाद्याचा डबा उघडतो तेव्हा तोही पाण्यात स्फुरद घालीत असतो, हे त्याने ध्यानात ठेवावे.

उजेडाचे माप

पेटी खिडकीसमोर किंवा दारातील उन्हात ठेवू नये. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन पडत असेल तर शेवाळही वाढते व पाणीही तापते. पत्र्याच्या छपराखालील खोलीत उन्हाळ्यात हा धोका अधिक असतो, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सियस तपमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशाला साडेसात मिलिग्रॅमच राहतो.

पेटीचा दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. पाळीची वेळ बदलत असलेल्या घरात दिवा पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालू राहतो, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला मासे पाहावयाचे असतात. अशा घरात वेळ लावता येणारा टायमर बसविणे उत्तम. तो नसेल तर दिवा लावण्याची व बंद करण्याची वेळ ठरवून पेटीवर लिहून ठेवावी.

शेवाळाची ओळख

शेवाळ एकच नसते. रंग व स्पर्श यांवरून त्याची ओळख पटते आणि त्याप्रमाणे उपाय बदलतो.

१. तपकिरी थर : नव्या पेटीत काचेवर व वाळूवर येतो व बोटाने सहज पुसला जातो. याच्या पेशीभोवती सिलिकेचे कवच असते. तो पुसून काढावा. पेटी जुनी होत जाते तसा तो बहुधा आपोआप कमी होतो.

२. काचेवरील हिरवा थर : हा सर्वांत सामान्य प्रकार होय. सुती फडक्याने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडावा. भांडी घासण्याची तारेची घासणी वापरू नये, कारण काचेवर चरे पडतात व त्या चऱ्यांत शेवाळ पुन्हा धरते. फडक्याला साबण लागलेला नसावा.

३. तंतुमय शेवाळ : हिरव्या केसांसारखे असते व झाडांना, दगडांना गुंतते. खडबडीत काडीभोवती सुतासारखे गुंडाळून बाहेर काढावे आणि उजेडाचे तास कमी करावेत.

४. हिरवे पाणी : यात शेवाळाच्या सूक्ष्म पेशी पाण्यात तरंगत असतात. पुसून किंवा साध्या गाळणीने त्या निघत नाहीत. दिवा बंद करून पेटी जाड काळ्या कापडाने तीन दिवस पूर्ण झाकावी. या काळात हवेचा पंप सतत चालू ठेवावा व मोठ्या माशांना खाद्य देऊ नये. चौथ्या दिवशी सुमारे निम्मे पाणी बदलावे. पेटीत लहान पिले असतील तर ती आधी वेगळ्या भांड्यात काढावीत.

५. नीलहरित शेवाळ : गडद निळसर हिरवा, बुळबुळीत थर वाळूवर चादरीसारखा पसरतो, उचलला असता सलग निघतो व त्याला कुबट वास येतो. शास्त्रदृष्ट्या हे शेवाळ नसून जिवाणूंचा एक वर्ग आहे. याच वर्गातील काही जाती भातखाचरात हवेतील नत्र स्थिर करतात, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले. शेतात उपकारक असणारा हा वर्ग पेटीत मात्र तळाची हवा कोंडतो. नळीने तो ओढून बाहेर काढावा, तळाचा गाळ साफ करावा व पाण्याची हालचाल वाढवावी. औषधाच्या दुकानातील प्रतिजैविकाची कॅप्सूल पाण्यात फोडू नये. तिने पेटीतील उपयुक्त जिवाणू मरतात व औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात.

संपूर्ण धुण्यातील धोका

पेटीतील वाळूवर, दगडांवर व गाळणीच्या स्पंजावर कोट्यवधी उपयुक्त जिवाणू राहतात. माशांच्या मूत्रातून व कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशांना विषारी आहे. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो व दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट माशांना बरेच कमी अपायकारक असते. जमिनीतही हेच कार्य चालते. युरियाचे नत्र पिकाला मिळते ते मुख्यतः याच मार्गाने. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पेटी रिकामी करून वाळू व स्पंज नळाखाली घासून धुतला तर हे जिवाणू जातात. मासे पुन्हा सोडल्यावर अमोनिया साठू लागतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, त्यांचे कल्ले लाल होतात व दोन-चार दिवसांत ते मरतात. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असल्यामुळे घरच्यांना कारण उमगत नाही.

त्यातच नळाच्या पाण्यातील क्लोरीनची भर पडते. गावांत टीसीएल या नावाने ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर पाण्यात मिसळलेली असते व पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ असताना कित्येकदा तिची मात्रा वाढविली जाते. ती रोगजंतूंना मारते तशीच माशांचे कल्ले व उपयुक्त जिवाणू यांनाही इजा करते. म्हणून बदलावयाचे पाणी पसरट भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे. भांड्यावर कापड बांधावे, म्हणजे त्यात डास अंडी घालणार नाहीत.

एका वेळी पाव भागापेक्षा अधिक पाणी सहसा बदलू नये. ४५ लिटरच्या पेटीत हे प्रमाण ११ ते १२ लिटर, म्हणजे सुमारे एक बादली, इतके होते. नळीने तळाचा गाळ ओढीत हे पाणी काढावे. स्पंज याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून पुन्हा बसवावा. नळाखाली धुऊ नये.

मोरचूद घालू नये

मोरचूद शेवाळ मारते, हे खरे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर व केलरमन यांनी १९०४ साली जलाशयांतील शेवाळावर त्याचा उपाय प्रसिद्ध केला व तेव्हापासून तो मोठ्या पाणीसाठ्यांवर वापरला गेला. शेतकऱ्याच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असते, त्यामुळे तो हाताशी असलेला उपाय वाटतो. परंतु जलाशय व काचपेटी यांत मोठे अंतर आहे.

मोरचुदाच्या खड्यात सुमारे २५ टक्के तांबे असते. जेमतेम १ ग्रॅम, म्हणजे एक मोठी चिमूट, ४५ लिटर पाण्यात पडली तर लिटरला सुमारे साडेपाच मिलिग्रॅम तांबे होते. माशांच्या काही रोगांवर तांबे औषध म्हणून देतात तेव्हा ते लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास व रोज मोजमाप करून ठेवतात. चिमटीने टाकलेली मात्रा त्याच्या पंचवीसपटीहून अधिक होते. मृदू पाण्यात तांब्याचा विषार अधिक जाणवतो आणि गोगलगाई तर फारच थोड्या तांब्याने मरतात. शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. विषातून वाचलेले मासे मग गुदमरून मरतात.

ब्लीचिंग पावडर, तणनाशके व कपड्याचा साबण यांविषयीही हेच लागू आहे. मासे असलेल्या पेटीत यांपैकी काहीही घालू नये. फवारणीचे काम करून आलेल्या माणसाने हात स्वच्छ धुतल्याविना पेटीत हात घालू नये.

शेवाळ खाणारे मासे

दुकानात सकर नावाचा काळपट ठिपक्यांचा मासा शेवाळाचा उपाय म्हणून विकतात. लहानपणी तो काच साफ करतो, पण वाढला म्हणजे फूटभराहूनही मोठा होतो व लहान पेटीत मावत नाही. तो स्वतः विष्ठाही पुष्कळ टाकतो, म्हणजे एका बाजूने शेवाळ खातो व दुसऱ्या बाजूने त्याला खत देतो. असा मासा मोठा झाला म्हणून पंचगंगेत किंवा विहिरीत सोडून देणे हा मोठा अपराध होय. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा आपल्या पाण्यात टिकाव धरतो. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे, आणि त्याचे कठीण कवच जाळ्यांचे नुकसान करते.

लहान पेटीला दोन-तीन मोली व काही गोगलगाई पुरतात. पेटीत मासे थोडे असणे हाच उत्तम उपाय होय. ४५ लिटर पाण्यात आठ ते दहा गप्पींहून अधिक मासे ठेवू नयेत. गप्पी पिले देऊन झपाट्याने वाढतात, म्हणून नर व मादी वेगळे ठेवावेत किंवा जादा पिले इतरांच्या पेटीसाठी द्यावीत. गोल्डफिश वाढून मोठा होतो. त्याला ही पेटी अपुरी पडते.

पाणवनस्पती : तणावर पिकाचा उपाय

रान मोकळे ठेवले तर तण येते व पीक दाट असले तर तण दबते. पेटीतही शेवाळाशी स्पर्धा करणारी झाडे लावावीत. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला या वनस्पती सहज जगतात व नत्र-स्फुरद शोषून घेतात. घरातील मनीप्लँटची फांदी अशी बसवावी की तिची मुळे पाण्यात व पाने पाण्याबाहेर राहतील. तिलाही हेच अन्न लागते. पिवळी व कुजलेली पाने वेळीच काढावीत, नाही तर शोषलेले अन्न पुन्हा पाण्यात उतरते. नदीतून जलपर्णी आणू नये. तिच्याबरोबर घाण व कीटक येतात, आणि फेकून दिलेला तिचा तुकडाही नव्या पाण्यात पसरू शकतो.

कामाचे वेळापत्रक

रोज : एकाच माणसाने मोजके खाद्य द्यावे. दिवा सहा ते आठ तास लावावा. पहाटे मासे पृष्ठभागी येऊन धापा टाकतात काय, ते पाहावे. रात्री शेवाळ व झाडेही प्राणवायू घेतात, म्हणून तुटवडा पहाटे दिसतो. तसे दिसल्यास हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा.

दर आठवड्यास : पुढची काच पुसावी. मागील काचेवर थोडे शेवाळ राहू द्यावे. एक बादली पाणी बदलावे. एक दिवस खाद्य बंद ठेवावे.

दर महिन्यास : स्पंज पेटीतील काढलेल्या पाण्यात पिळावा. दाट झाडे छाटावीत. मासे मोजावेत व वाढलेली संख्या कमी करावी.

या क्रमाने वागल्यास फरक आठ दिवसांत दिसेलच असे नाही. साधारण तीन ते चार आठवडे धीर धरावा लागतो. या अवधीत नवे औषध आणून टाकण्याचा मोह आवरावा.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनाही हेच नियम उपयोगी पडतील. तेथेही जादा खाद्याने पाणी दाट हिरवे होते आणि ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे गुदमरतात.

राहिला प्रश्न पेटीतून काढलेल्या पाण्याचा. त्यात मीठ किंवा औषध घातलेले नसेल तर ते मोरीत ओतू नये. ज्या नत्र-स्फुरदामुळे काच हिरवी होत होती ते या पाण्यात विरघळलेले असते. परसातील वांगी, मिरची किंवा अळू यांच्या आळ्यात आठवड्याची ती बादली ओतावी. पेटीत नको असलेले हे खत तेथे उपयोगी पडते.